दुकानाचा उजवा पाय

नाचियार काउंटरखाली ओणवी झाली होती. वरून तिची फक्त वेणी दिसत होती.

"अक्का, निऱ्या जरा वर घ्या," ती खालूनच म्हणाली. "चेहरा येत नाही फोटोत. नुसते पाय."

वडिवूने निऱ्या वर घ्यायच्या ऐवजी आणखी खाली सोडल्या आणि उजवा पाय डाव्याच्या मागे नेला.

"चेहरा घे हवा तर," ती म्हणाली. "पाय नको."

फोटोसाठी रांगेत थांबलेल्या बाकीच्या जणी पदरात तोंड लपवून हसल्या. वडिवूचं म्हणणं खरंच होतं. कुंभकोणममध्ये तिचा चेहरा ओळखणारी माणसं असून असून किती असतील? पण तिचा उजवा पाय सारं गाव ओळखत होतं.

देवानै सिल्क्स हे चार मजली दुकान. कापड म्हणजे लक्ष्मी, म्हणून आत चपला नाहीत, गिऱ्हाइकांच्याही बाहेरच. विकणाऱ्या बायका शटर वर गेल्यापासून खाली येईपर्यंत थंडगार ग्रॅनाइटवर अनवाणी उभ्या असायच्या. बसायचं नाही, टेकायचं नाही, मांडणीला कोपरसुद्धा लावायचं नाही. छताला कॅमेरे होते आणि तळमजल्यावर त्या कॅमेऱ्यांसमोर सुपरवायझर गुणशेखरन बसलेला असे. साऱ्या नोकरांत बसायची परवानगी असलेला तो एकटाच. कोणी जरा टेकलं की भोंग्यातून त्याचा आवाज यायचा, "दुसरा मजला, निळी साडी, सरळ." आता गणवेशच निळ्या साडीचा. त्यामुळे एक टेकली की मजल्यावरच्या सगळ्या एकदम ताठ होत, आणि गिऱ्हाइकांना वाटे, काय शिस्त आहे या दुकानाची.

बसायला जागा द्या असा कायदा राज्यात झाला होता, नाही असं नाही. तेव्हा एक स्टूल आलंही. ते दुसऱ्या मजल्याच्या कोपऱ्यात ठेवलं आणि त्याच्यावर पिण्याच्या पाण्याचा जार ठेवला. जार तेवढा बसला.

नाचियार तिसऱ्या मजल्यावर चुडीदार विकायची. पोरगी चिपाडासारखी, जीभ कात्रीसारखी, आणि हातात सदा फोन. तिने इन्स्टावर एक पान उघडलं होतं, त्याचं नाव 'उभे पाय'. दुकान बंद होताना बायकांच्या पायांचे फोटो काढायचे आणि तिथे टाकायचे, कायद्यातली जागा कुठे आहे असं विचारायचं, एवढंच तिचं काम. दुकानाचं नाव नाही, बाईचं नाव नाही, चेहरा तर नाहीच. चेहरा दिसला की नोकरी गेली. पण पाय काय, पायासारखा पाय, असं तिचं म्हणणं. त्या वेळी पाय बघण्यासारखे असतही. घोटे आंबलेल्या पिठासारखे फुगलेले, पैंजणांचे वळ उठलेले, जोडव्यांभोवतीची कातडी वर आलेली, आणि पोटऱ्यांवर निळ्या शिरांचं जाळं.

फक्त वडिवूच्या बाबतीत ही युक्ती चालण्यासारखी नव्हती. तिच्या उजव्या पायाला सहा बोटं होती.

हे सहावं बोट करंगळीच्या अंगाला होतं, चिमुकलं, नखासकट पुरं, आणि त्याची कीर्ती त्याच्या आकाराच्या मानाने अफाट होती. थोरले मुदलाळी, म्हणजे आताच्या मालकाचे वडील, हयात होते तेव्हाची गोष्ट. दुकान म्हणजे एक खोली आणि एक गादी. साड्यांवर माश्या बसायच्या आणि साड्याही जरीच्या नाही, सुतीच. अशा दिवसांत नवी लग्न झालेली वडिवू काम मागायला आली आणि तिने उजवा पाय उंबऱ्याच्या आत टाकला. थोरल्यांची नजर आधी पायावर गेली, मग बोटं मोजण्यात गेली, आणि त्यांची मोजणी पुरी व्हायच्या आत मागून एक वऱ्हाड आत शिरलं. पाच मुलींची लग्नं एकाच मांडवात लावणारं वऱ्हाड. गावात ही गोष्ट सांगताना ते वऱ्हाड वाढत जातं. अलीकडे त्यात दोन हत्तीही आलेत.

त्या दिवसापासून रोज सकाळी दुकानात पहिला पाय वडिवूचा. कापूर लावायचा, तिने उजवा पाय आत ठेवायचा, मग बाकीच्यांनी जायचं. तिला ताप आला तर रिक्षा पाठवायचे. ती बाळंतीण झाली तेव्हा म्हणे थोरल्यांनी ओल्या कुंकवात तिच्या पावलाचा ठसा कागदावर घेऊन ठेवला होता आणि महिनाभर तो कागद आधी आत सरकवायचे. त्या पायगुणाने एका मजल्याचे चार झाले. आणि खंडेनवमीला, आयुधपूजेच्या दिवशी, दुकानात कात्रीला, मोजपट्टीला, गल्ल्याला, पुढे बिलाच्या यंत्राला आणि लिफ्टला चंदन-कुंकू लागायचं, तसं वडिवूच्या उजव्या पायालाही लागायचं. थोरल्यांची बायको, जिला सगळे आच्ची म्हणत, ती स्वतः खाली वाकून लावायची.

एका मजल्याच्या दुकानात वडिवू गादीवर मांडी घालून साड्या उलगडायची. मजले चढले तशी गादी गेली, काचेचे काउंटर आले आणि त्यांच्यामागे उभं राहणं आलं. तिच्याच पायाने मजले आणले आणि मजल्यांनी तिची गादी नेली, असा हा हिशेब होता. पण तो कुणाला सांगायचा? नवरा कलियपेरुमाळ पितळेची भांडी ठोकून ठोकून ठार बहिरा झालेला. त्याला काही सांगायचं तर शेजारच्या गल्लीला आधी कळायचं. तो बिचारा संध्याकाळी तिचा पाय मांडीवर घेऊन तेल चोळी आणि घोट्याच्या वर जी जखम झाली होती तिच्याभोवतीने बोट फिरवून आणी. जखम पावसाळ्याआधीपासून भरत नव्हती.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी सरळ सांगितलं होतं. शिरा निकामी झाल्यात, दिवसातून जमेल तेव्हा बसा, पाय वर घ्या. "आता बसला नाहीत तर पुढे उभं राहणंच जमायचं नाही," असं त्या म्हणाल्या. वडिवूने ते गुणशेखरनला सांगितलं. त्याने मुदलाळींना विचारा म्हणून सांगितलं. मुदलाळी, म्हणजे आताचा मालक मेय्यप्पन, नाक वाहत दुकानात यायचा तेव्हापासून ती त्याला ओळखत होती, आणि तोही तिला अक्काच म्हणायचा. त्याने तिला कॉफी पाजली, प्रकृतीची चौकशी केली आणि मायेने म्हणाला, "अक्का, हा पाय उभा आहे म्हणून दुकान उभं आहे. तुम्हाला मी कसं बसवू?"

कॉफी तिने उभ्यानेच प्यायली होती.

तर अशा पायाचा फोटो द्यायचा म्हणजे नाव, गाव, पत्ता, सगळंच द्यायचं. नाचियारलाही ते कळत होतं. तिने पुन्हा आग्रह केला नाही.

तशी तिची मोहीम काही जोरात नव्हती. महिनाभर पाय टाकून पाहिले. लाइक यायचे ते बायकांच्या मावसबहिणींचेच. परक्या लोकांनी पाय पाहिले आणि त्यांना वाटलं, जाहिरात आहे. पैंजण कुठले, केवढ्याला, असं एकीने विचारलं. दुसरीला भेगांच्या मलमाचं नाव हवं होतं. एका ज्योतिषाने लिहिलं की तळवे दाखवल्यास भविष्य सांगतो. नाचियारने त्याला उत्तर दिलं की भविष्य माहीत आहे, स्टूल असेल तर सांगा.

"लोकांना पाय दिसतो अक्का, उभं राहणं दिसत नाही," ती एकदा जेवणाच्या डब्यावर वडिवूला म्हणाली. डबा दोघी मागच्या जिन्यात खायच्या, कारण जिन्याला पायऱ्या असतात आणि तिथे कॅमेरा नव्हता.

मग खंडेनवमी आली.

दुकानाचंही इन्स्टावर पान होतं, आणि ते नाचियारच्या पानासारखं मावसबहिणींवर चालणारं नव्हतं. नवऱ्या मुलींचे शालू बघायला लाखो बायका तिथे येत. त्यासाठी पगारी फोटोवाला होता. यंदा मेय्यप्पनच्या डोक्यात आलं की आयुधपूजेचं रील करायचं. कात्र्या आणि लिफ्ट कोण बघतो? आपल्याकडे जे आहे ते कुणाकडे नाही, पायच दाखवू. आच्चींना विचारलं तर त्यांनाही ते पटलं.

दाराला केळीचे खुंट बांधले, चुरमुरे आणि उसळ परातींत भरली, कोहळा कुंकू घालून फोडायला तयार ठेवला. वडिवूला पाटावर उभं केलं. ती घोट्यावर जुन्या धोतराची पट्टी बांधून आली होती.

"पूजेच्या पायाला चिंधी?" आच्ची म्हणाल्या. "सोड ती."

वडिवूने सोडली. फोटोवाल्याने दिवा जवळ आणला, मग आणखी जवळ. आच्चींनी वाकून सहाही बोटांना चंदन लावलं, वर कुंकू लावलं, पावलावर शेवंतीच्या पाकळ्या घातल्या. बोटांतून निसटून एक पाकळी जखमेवर पडली ती त्यांनी सावकाश उचलून घेतली. कॅमेऱ्याने हे सगळं टिपलं. फोटोवाल्याने, मालकाने, गुणशेखरनने ते पडद्यावर पाहिलं, दोनदा पाहिलं, आणि तिघांनाही त्यात सहा बोटंच दिसली. वर्षानुवर्षं ते बोटंच मोजत आले होते. नादस्वराचे सूर लावून, 'आमच्या भाग्याचा पाय' असं नाव देऊन रील पानावर गेलं.

दुपारपर्यंत ते इतकं पाहिलं गेलं की मेय्यप्पन स्वतःच्या हाताने सगळ्यांना चुरमुरे वाटत फिरला. आधी लोकांनी लिहिलं, काय भाग्य, काय परंपरा. मग सेलमच्या एका नर्सने लिहिलं, 'घोट्याच्या वर लाल दिसतंय ते कुंकू नाही.' त्यानंतर बायकांनी रील थांबवून, मोठं करून पाहायला सुरुवात केली. शिरा पाहिल्या, सूज पाहिली, आणि जखमेवरून उचललेली ती पाकळी पाहिली.

नाचियारने तिसऱ्या मजल्यावर, मांडणीच्या आड, त्या रीलमधला एक क्षण उचलला आणि आपल्या पानावर ठेवला. चोरी करायचीही गरज नव्हती, दुकानानेच आपल्या हाताने गावभर वाटलेला फोटो तो. खाली तिने एकच ओळ लिहिली: 'या पायाची पूजा होते. याला बसायला कधी मिळतं?'

त्यानंतर जे झालं ते तिलाही झेपलं नाही. इरोडच्या एका दुकानातल्या बाईने आपल्या सुजलेल्या पायाला चंदन-कुंकू लावून फोटो टाकला आणि तीच ओळ खाली लिहिली. मग नागरकोविलहून एक आला. मग मदुरैहून, भांड्यांच्या दुकानातून, औषधांच्या दुकानातून, नुसते पाय, नाव नाही, चेहरा नाही, पण बोटांवर चंदन आणि कुंकू. आता पैंजण केवढ्याचे असं कोणी विचारीना. एरवीही पायांना कुंकू लागतंच, लग्नात लागतं आणि शेवटी लागतं, पण कामाचं हत्यार म्हणून लागलेलं कुंकू बघितलं की बघणारी बाई आपोआप आपल्या पायाकडे बघत होती.

मेय्यप्पनने दुसऱ्या दिवशी रील काढून टाकलं. पण पसरलेलं हळदीचं पाणी पुसावं तसं झालं, जितकं पुसलं तितकं पिवळं झालं. दुकानात फोन येऊ लागले. शालू घ्यायला आलेल्या एका नवरीच्या आईने आपली खुर्ची काउंटरच्या आत ढकलली आणि आधी तू बस, मग साडी दाखव, असा हट्ट धरला. वडिवू बसली नाही. बाईंनी साडी घेतली नाही.

मालकाने सगळ्यांना खाली बोलावलं आणि 'उभे पाय' कुणाचं असं विचारलं. गुणशेखरन म्हणाला, एकेका फोटोतली फरशी जुळवून बघतो, चीर कुठल्या मजल्यावर आहे ते मला पाठ आहे. तेव्हा नाचियार पुढे आली. "फरशी कशाला बघता," ती म्हणाली. "मला विचारा ना. माझंच आहे."

तिचा हिशेब त्याच दिवशी झाला. जाताना ती वडिवूच्या काउंटरपाशी थांबली. तिच्या दंडाला हात लावला आणि जिना उतरून गेली. वडिवूला काही सुचायच्या आत भोंगा वाजला, "दुसरा मजला, निळी साडी," आणि ती सरळ झाली.

वडिवूला काढायचा प्रश्नच नव्हता. आच्चींनी स्पष्ट सांगितलं होतं की तो पाय दुकानाबाहेर गेला तर मीही गेले. मग मेय्यप्पनने शक्कल लढवली. सागवानी खुर्ची आणली, मोर कोरलेली, पाठ माणसाहून उंच. तिच्यापुढे पाय ठेवायला मखमली चौरंग. ती खुर्ची मांडली थेट मुख्य दारात, काचेच्या आत, आणि वडिवूला हिरवी रेशमी साडी नेसवून तिच्यात बसवलं. बसायला मिळत नाही म्हणता? घ्या. फोटोवाल्याने नवं रील केलं.

वडिवू बसली. खोटं कशाला बोला, पहिल्या घटकेला तिच्या पायातून जे निघून गेलं त्याने तिचे डोळे भरले. पोटरीतली कळ उतरत उतरत गेली, जशी विहिरीवरून आणलेली भरली घागर डोक्यावरून उतरवून ठेवावी. पण मग लोक आले. कोणी पायाशी नारळ ठेवला. कोणी बोटं मोजून पाहिली. पोरींनी चौरंगाशी बसून सेल्फी घेतले. एका म्हातारीने आपल्या नातवाचं डोकं त्या पायाला लावलं आणि त्याची शाळा सुधारेल का असं विचारलं. वडिवूच्या हातात साडी नव्हती, काही नव्हतं. साड्यांच्या घड्या घालणारे हात मांडीवर दोन मेलेल्या पारव्यांसारखे पडून होते. आणि दाराच्या काचेतल्या प्रतिबिंबात, जिन्याच्या वळणावर, तिला वर-खाली करणाऱ्या निळ्या साड्या दिसत होत्या. कुणी तिच्याकडे रागाने बघत नव्हतं. ते तिला जास्त लागलं.

संध्याकाळी कलियपेरुमाळने पाय मांडीवर घेतला. सूज कमी होती. तो खूश होऊन ओरडला, "आज बसलीस वाटतं!" शेजारच्या गल्लीतून कोणीतरी हो म्हणून उत्तर दिलं.

दिवाळीच्या आधीचा शुक्रवार होता. सकाळी दुकानासमोर माणसांची रांग लागली होती, बाहेरगावच्या गाड्या कोपऱ्यापर्यंत उभ्या होत्या. शटर वर गेलं, तबकात कापूर पेटला, दारातल्या खुर्चीवर हिरवी साडी घडी घालून ठेवलेली होती. वडिवू आली ती निळी साडी नेसून. पायरीपाशी आली, आणि उंबरा ओलांडायच्या ऐवजी खालच्या पायरीवर बसली. उजवा पाय लांब करून तिने वरच्या पायरीवर ठेवला. सहावं बोट आणि उंबरा यांच्यात वीतभर अंतर राहिलं असेल.

कापूर विझला. दुसरा लावला, तोही विझला.

गुणशेखरन आधी खेकसला, मग विनवायला लागला, मग मालकाला बोलवायला गेला. मेय्यप्पन धावत आला. रांगेतल्या बायका आता रांग सोडून गोल करून उभ्या होत्या आणि प्रत्येकीच्या हातात फोन होता. रस्त्यापलीकडे कॉफीच्या टपरीवर नाचियार उभी होती. तिचाही फोन वर झाला, पण तिने तो जरा खाली धरला, आधीसारखाच, पायापुरता.

वडिवूने तिला पाहिलं. "आज चेहरा, पाय, दोन्ही घे," ती तिथूनच म्हणाली.

मेय्यप्पन तिच्याशेजारी उकिडवा बसला आणि हळू आवाजात बोलू लागला. लोक बघतायत, सणाचे दिवस आहेत, खुर्चीला काय कमी होती, मोर नको असेल तर हत्ती कोरून घेऊ. वडिवूने सगळं ऐकून घेतलं.

"खुर्ची चांगली आहे, मुदलाळी," ती म्हणाली. "पण ती पायाला आहे. विकणारीला कुठेय? वर सगळ्या उभ्याच असतात."

"अक्का, माझ्या आईबरोबर वाढलो तेवढा तुमच्याबरोबर वाढलो. तुम्ही मला असं रस्त्यावर आणता?"

"मी पायरीवर बसलेय. रस्त्यावर नाचियार आहे."

गुणशेखरनने सुचवलं की पहिला पाय मी ठेवतो, आणि त्याने बूट काढलाही. त्याचा मोजा भोकाचा निघाला. बायका इतक्या हसल्या की तो पाय त्याने परत बुटात घातला. मेय्यप्पनचाही धीर होईना. थोरल्यांच्या वेळेपासून ज्या दुकानात दुसऱ्या कुणाचा पाय पहिला पडला नव्हता तिथे दिवाळीच्या शुक्रवारी नवा प्रयोग कोण करणार?

तेवढ्यात आच्ची आल्या. कोणी कळवलं कुणास ठाऊक. मोटारीतून उतरल्या, काठी टेकत पायरीपर्यंत आल्या आणि उभ्या राहिल्या. वय झालेलं, गुडघे गेलेले. त्यांची काठी हलते आहे असं दिसताच तीन माणसं शेजारच्या दुकानांत पळाली आणि तीन खुर्च्या एकदम आल्या. आच्ची एकीवर टेकल्या.

वडिवूने त्या तीन खुर्च्यांकडे पाहिलं. "आच्चींना बरोबर लगेच मिळाली," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. नव्या साडीचा पोत बघावा तसं ती म्हणाली.

आच्चींनी काठीच्या मुठीवर हनुवटी टेकवली. समोर तो पाय होता, त्यांनीच वर्षानुवर्षं चंदन लावलेला. आता उन्हात, दिव्याशिवाय, त्यांनी तो पाहिला. मग त्यांनी मुलाकडे न बघता विचारलं, "मेय्यप्पा, काउंटर किती आहेत रे आपले?"

त्याने सबबी सांगायला सुरुवात केली. त्यांनी काठी आपटली. त्याने आकडा सांगितला.

"तेवढी स्टुलं आण. आता."

"आणि नाचियार," वडिवू म्हणाली.

आच्चींनी मान हलवली. "घरातलं भांडण जिने चव्हाट्यावर नेलं तिला मी परत घेणार नाही. स्टुलं माग. मिळतील."

वडिवूने रस्त्यापलीकडे पाहिलं. नाचियारने हात हलवून घे घे अशी खूण केली, आणि मग कॉफीच्या पैशासाठी कमरेची पिशवी चाचपू लागली, जणू तिचा इथे काही संबंधच नव्हता.

मांडववाल्याकडून टेम्पो भरून स्टुलं आली, लाल, प्लॅस्टिकची, एकात एक घातलेली, जेवणावळीच्या हळदीचे डाग पडलेली. मेय्यप्पनने पुन्हा कापूर लावला आणि वडिवूला हात जोडले. ती उठली, कमरेला हात लावून सरळ झाली, आणि दारातून बाजूला सरकली.

"आधी स्टुलं जाऊ द्या," ती म्हणाली.

मग त्या दिवशी देवानै सिल्क्समध्ये पहिला पाय पडला तो लाल स्टुलाचा. उजवा की डावा हे कोणी सांगू शकलं नाही. त्याच्या मागून वडिवू गेली. आणि त्या शुक्रवारी विक्री अशी झाली की रात्री मांडण्यांवर फक्त खडूच्या खुणा उरल्या होत्या. हेही गावातलंच सांगणं, हत्तींच्या हिशेबाने घ्यावं.

मेय्यप्पनने मात्र ते मनात ठेवलं. सहा बोटांशिवायही लक्ष्मी आत येते, हे त्याने डोळ्यांनी पाहिलं होतं. उन्हाळ्यात आच्ची गेल्या. मोराची खुर्ची फोटोच्या कामासाठी वर गेली, आणि चेन्नईहून आलेली सून रोज सकाळी पहिला पाय ठेवू लागली. तिचा पाय नाजूक होता, नखं रंगवलेली होती, रीलमध्ये छान दिसायचा. वडिवूला कोणी काही बोललं नाही. ती आली की आता इतरांबरोबर मागच्या दाराने आत जायची. जखम भरत आली होती. तिचा काउंटर दुसऱ्या मजल्यावर होता आणि काउंटरमागे स्टूल होतं. गिऱ्हाईक नसलं की ती बसायची. पहिले काही दिवस बसल्या बसल्या दचकून छताकडे बघायची, मग तेही सुटलं. गुणशेखरनचा भोंगा आता चुकलेल्या मुलांची नावं सांगण्यापुरता उरला होता.

नाचियारला तंजावरच्या एका दुकानात काम मिळालं होतं. तिथे बसायला नव्हतं. 'उभे पाय' वर आता तंजावरचे पाय दिसायचे.

खंडेनवमी पुन्हा आली. केळीचे खुंट, चुरमुरे, कोहळा, सगळं होतं. सुनेने वाटी हातात घेऊन कात्रीला चंदन-कुंकू लावलं, मोजपट्टीला लावलं, बिलाच्या यंत्राला आणि लिफ्टच्या बटणाला लावलं. फोटोवाला तिच्या मागून चालत होता. वाटी दुसऱ्या मजल्यावर आली तेव्हा वडिवूचा उजवा पाय सवयीने निऱ्यांच्या बाहेर आला, पाऊलभर पुढे. सून हसली, "वणक्कम अक्का" म्हणाली, आणि मांडणीच्या कड्यांना चंदन लावून पुढे गेली. वडिवूने पाय आत घेतला.

सगळे चुरमुरे खायला खाली गेले तेव्हा कुंकवाची पुडी आणि चंदनाची वाटी काउंटरवरच राहिली होती. तळाशी थोडंसं उरलं होतं. वडिवूने ती घेतली, आपलं स्टूल पुढे ओढलं आणि जमिनीवर बसून त्याच्या पायांना एकेक बोट चंदन लावलं, वर कुंकू टेकवलं. चौथा पाय आखूड होता, त्याच्याखाली तिने पुठ्ठ्याची घडी घातलेली होती. तिथवर हात जायला तिला जमिनीला गाल लावावा लागला. तोही झाला.

मग ती धडपडत उठली आणि स्टुलावर बसली. बोटाला चंदन उरलं होतं. साडी गणवेशाची, काउंटर काचेचा, पुसायला काही सापडेना. तिने इकडेतिकडे पाहिलं, निऱ्या जराशा वर घेतल्या, आणि ते सहाव्या बोटाला पुसून टाकलं.